पौष शुद्ध दशमी कॅलेंडरातून गायब: श्राद्ध मंगळवारी की बुधवारी?

सदाफुली_गिरगाव
नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, तोही अडलंय म्हणून.

बाबांची तिथी पौष शुद्ध दशमी. नवं कॅलेंडर घरात आलं की आईचं पहिलं काम म्हणजे त्या दिवसाला लाल पेनाने गोल करणं. यंदा गोल करायला गेली तर मंगळवारच्या चौकोनात नवमी आणि बुधवारच्या चौकोनात थेट एकादशी. मधली दशमी नाहीच! आई म्हणाली छापखान्याची चूक. म्हणून शेजारच्या काकूंकडचं दुसऱ्या कंपनीचं कॅलेंडर आणलं, तर त्यातही तेच.

आता घरात तीन तट पडलेत. आई म्हणते मंगळवारी करू. धाकटे काका म्हणतात बुधवारी, एकादशीसारखा दिवस कुठे मिळणार. भाऊ म्हणतो रविवारी करा, सगळ्यांना सुट्टी असते. भटजींना फोन केला तर ते गावाला गेलेत, दोन दिवसांनी येणार.

श्राद्धाचा दिवस सांगाच, पण मला खरं कुतूहल दुसरंच आहे. तिथी गायब होते म्हणजे नेमकं काय होतं? मी आजवर समजत होते की तिथी म्हणजे आपली तारीखच, फक्त नावं वेगळी.

घटिका_पळे
ताई, आईंचं बरोबर आहे. मंगळवार. आता कारण सांगतो, जरा लांबेल.

तारीख मध्यरात्री बदलते. तिथीला मध्यरात्रीशी देणंघेणं नाही आणि सूर्योदयाशीही नाही. तिथी हा दिवस नव्हेच, ते कोनाचं माप आहे. अमावास्या संपते त्या क्षणी सूर्य आणि चंद्र यांचे भोगांश (राशिचक्रावरची जागा, अंशांत) सारखे असतात. तिथून चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की प्रतिपदा संपली, २४ अंश झाले की द्वितीया संपली. १८० अंशांना पौर्णिमा संपते आणि ३६० ला पुन्हा अमावास्या. अशा ३० तिथ्या, पण त्या उरकायला चंद्राला लागतात सरासरी २९.५३ दिवस. म्हणजे एक तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. दिवसापेक्षा थोडी आखूड.

मग कॅलेंडरच्या चौकोनात नाव कुणाचं छापायचं? त्या दिवशी सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं. तुमच्या मंगळवारी मुंबईचा सूर्योदय ७:१२ चा आहे आणि नवमी संपते ७:३१ ला. एकोणीस मिनिटांपुरती का होईना, सूर्य उगवला तेव्हा नवमी होती, म्हणून चौकोन तिने पटकावला. ७:३१ ला दशमी लागली ती बुधवारी पहाटे ५:२० ला संपली. बुधवारी सूर्य उगवला तेव्हा एकादशी. म्हणजे दशमी चांगली २१ तास ४९ मिनिटं नांदली, फक्त तिच्या वाट्याला सूर्योदय आला नाही. फास्ट लोकल आपल्या स्टेशनात थांबली नाही म्हणून ती गेलीच नाही असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे. याला क्षयतिथी म्हणतात. उलट एखादी लांबलेली तिथी दोन सूर्योदय गाठते, तेव्हा दोन चौकोनांत एकच नाव दिसतं. ती वृद्धितिथी.

श्राद्धाला सूर्योदयाची तिथी बघतच नाहीत, अपराह्नाची बघतात. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच सारखे भाग करायचे, त्यातला चौथा अपराह्न. ७:१२ ते संध्याकाळी ६:१५ म्हणजे ११ तास ३ मिनिटं. एक भाग झाला २ तास १३ मिनिटांच्या आसपास. चौथा भाग येतो दुपारी १:५० ते ४:०० च्या सुमारास. त्या वेळेला मंगळवारी निर्विवाद दशमी आहे. बुधवारी दशमी पहाटेच आटोपलेली, तेव्हा काकांना नम्रपणे सांगा. रविवारबद्दल मी काही बोलत नाही.

शंकेखोर
गणित कळलं. पण सरासरी २३ तास ३७ मिनिटं म्हणताय आणि ताईंची दशमी २१ तास ४९ मिनिटांची. चंद्र काय मूड बघून चालतो का?

घटिका_पळे
जवळजवळ तसंच :) चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा तो दिवसाला १५ अंशांहून थोडा अधिक पळतो, लांब असतो तेव्हा १२ च्याही खाली येतो. त्यातून सूर्याचा रोजचा सुमारे एक अंश वजा करायचा. जवळ असताना १२ अंशांचं अंतर झटपट कापलं जातं, लांब असताना रेंगाळतं. म्हणून तिथी कधी २० तासांपर्यंत आखडते, कधी पावणेसत्तावीस तासांपर्यंत ताणली जाते.

जुन्या पंचांगकर्त्यांचं यावर एक सूत्र होतं: बाणवृद्धी रसक्षय. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. तिथी ६० घटिकांपेक्षा फार तर पाचाने वाढेल आणि सहाने घटेल. एक घटिका २४ मिनिटांची, त्यामुळे तिथी २१ तास ३६ मिनिटं ते २६ तास यांच्यातच राहायची. पुढे वेधांशी (आकाशाच्या प्रत्यक्ष निरीक्षणांशी) ताडून गणित करणाऱ्यांनी दाखवलं की प्रत्यक्ष आकाशात ती याहून जास्त वाढते आणि घटते, सप्तवृद्धी दशक्षय. यावरून दृक्‌पक्षवाले (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं गणित मानणारे) आणि जुन्या ग्रंथांना चिकटलेले यांच्यात महाराष्ट्रात काय भांडणं झालीत! केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ च्या सुमारास प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं पंचांग काढलं, ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं जातं. पुढे लोकमान्यांनी हा विषय हाती घेतला, १९०४ साली तुमच्या मुंबईत त्यावर परिषदही भरली होती.

ताईंची दशमी घटिकांत ५४ घटी ३२ पळे. म्हणजे रसक्षयाच्या मर्यादेत अगदी काठावर बसते, जुन्या मताच्या माणसालाही तक्रार नको.

मी_मालवणी
लोकमान्यांचा विषय काढलात म्हणून. आमच्या गावाकडे अजून काही घरं टिळक पंचांग मानतात. एखाद्या वर्षी त्यांचा गणपती आमच्यापेक्षा महिनाभर आधी येतो. मुंबईहून दोनदा रजा काढून जाणारे चाकरमानी बघितलेत मी, एकदा माहेरच्या गणपतीला, एकदा सासरच्या. ऑफिसात साहेबाला हे समजावून सांगणं म्हणजे कर्मकठीण काम.

घटिका_पळे
ते राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे मानायचा यावरून. टिळक पंचांग रेवतीतल्या एका ताऱ्यापासून मोजतं, बाकीची बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक. सूर्य चार अंश चालायला चार दिवस घेतो, म्हणजे संक्रांतीच (सूर्य रास बदलतो ते क्षण) चार दिवसांनी सरकतात आणि त्यामुळे कधीकधी अधिक महिना वेगळा पडतो. तिथीवर मात्र याचा काही परिणाम नाही, कारण तिथी म्हणजे चंद्र वजा सूर्य. आरंभबिंदू वजाबाकीत उडून जातो.

अंधेरी_स्लो
अधिक महिन्याचंही सांगून टाका एकदा. आमच्याकडे जावयाला तीस-तीन अनारसे देण्यापलीकडे कुणाला काही माहीत नाही. (मी जावई आहे, माझी तक्रार नाही.)

घटिका_पळे
गणपतीच्या तारखा बघा. २०२३ साली १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे. कारण बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस आणि सौर वर्ष ३६५ चं. असंच चालू दिलं तर गणपती उन्हाळ्यात येतील आणि दिवाळी आषाढसरींत. मोहरम असा सगळ्या ऋतूंतून फिरतो, कारण तिथे महिना वाढवत नाहीत. आपण वाढवतो. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे गणपती उडी मारून १४ सप्टेंबरला.

वाढवायचा महिना कुणी मनाने ठरवत नाही. एका अमावास्येच्या अंतापासून दुसरीच्या अंतापर्यंत सूर्याने रास बदलली नाही, म्हणजे त्या महिन्यात संक्रांतच झाली नाही, तर तो अधिक. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी असं होतं. आणि क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती होतात, तेव्हा महिन्याचाच क्षय. ताईंची तिथी गेली, इथे अख्खा महिना जातो! हे १९६३-६४ आणि १९८२-८३ साली झालं होतं, यानंतर २१२३-२४ मध्ये. अंतर बघा, १९ वर्षं आणि मग १४१ वर्षं. हे १९ आणि १४१ चे आकडे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलेत. क्षयमास कार्तिक ते पौष यांतच येतो असंही ते सांगतात. त्या दिवसांत सूर्य रास लवकर ओलांडतो, कारण पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते.

वेसावकर
घटिकाकाका, तुमचं बारा अंशांचं गणित आमचे आबा कधी शिकले नाहीत पण तिथीशिवाय त्यांचं पान हलत नसे. भरती किती वाजता हे सांगायला त्यांना कोष्टक लागायचं नाही. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण, अष्टमी-नवमीच्या पुढे भांग. भांगाला पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट कधी पाण्याखाली जाणार हेसुद्धा ते बसल्या जागी सांगत. नारळी पौर्णिमा आम्हाला सणाआधी पाण्याचा दिवस.

दशमी गायब आहे म्हणे तुमच्या कॅलेंडरात. दर्यावर ती गायब नसते एवढं नक्की :)

घटिका_पळे
वेसावकर, दंडवत. आबांच्या पाऊणपटीत एक बारकावा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, भरती त्याच्यामागे. तिथीमागे दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटं धरली की १५ तिथ्यांना बरोबर ३० घटिका, बारा तास. पाऊणपटीने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, दोन घटिकांनी बारा. पण होडी काढायला निघालेल्या माणसाला एवढा फरक चालत असणार.

वेसावकर
आबा पौर्णिमेला बाराच सांगायचे. पाऊणपट फक्त चढत्या तिथींना, शेवटी अंदाजाने. त्यांना तुमची घटिका माहीत होती का ते आता कोणाला विचारू?

सदाफुली_गिरगाव
किती छान प्रतिसाद येतायत. आईला वाचून दाखवले, ती भरतीवर खूश आहे. लहानपणी चौपाटीवर पाणी कधी येणार हे तिचे वडीलही असंच सांगायचे म्हणे.

अजून एक. माझी मावसबहीण न्यू जर्सीला आहे. ती तिथल्या देवळाचं कॅलेंडर पाठवते, त्यात कधीकधी सण आपल्याआधी एक दिवस. आणि आमच्या घरी सोलापूरला तयार होणारं दाते पंचांग आहे, ते गिरगावात चालतं का?

घटिका_पळे
तिथी संपण्याचा क्षण साऱ्या जगात एकच. दशमी पहाटे ५:२० ला संपली ती सोलापुरातही त्याच क्षणी, मुंबईतही आणि न्यू जर्सीतही, फक्त तिथल्या घड्याळात तेव्हा मंगळवारची संध्याकाळ असते. बदलतो तो सूर्योदय. मुंबई आणि सोलापूर यांच्या रेखांशात तीन अंशांचा फरक, म्हणजे सूर्य तिथे बारा मिनिटं आधी येतो. त्यामुळे क्वचित काठावरच्या तिथीला फरक पडू शकतो. पंचांगात गावोगावचे सूर्योदय आणि चंद्रोदय काढायचं कोष्टक त्यासाठीच असतं. न्यू जर्सीत सूर्योदय आपल्यानंतर साधारण नऊ ते साडेदहा तासांनी, म्हणून तिथल्या चौकोनात वेगळी तिथी पडते. दोघी बहिणी बरोबर.

संकष्टीला तर सूर्योदयाची तिथी न पाहता चंद्रोदयाची पाहतात. अंगारकीला प्रभादेवीला रांगेत उभं राहून नागपूरच्या नातेवाइकाला फोन केलात तर तो जेवून हात धुवत असेल, कारण त्याचा चंद्र आधी उगवला.

शंकेखोर
मग दिवाळीला दरवेळी गोंधळ का? २०२४ ला अर्धा देश ३१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन करत होता आणि आम्ही १ नोव्हेंबरला. गणित एकच तर दिवस दोन कसे?

घटिका_पळे
गणितात मतभेद नव्हताच! अमावास्या ३१ तारखेला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ तारखेला संध्याकाळी ६:१६ ला संपली, हे दोन्ही बाजूंना मान्य. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर. ३१ ला संध्याकाळी अमावास्या आहेच. १ तारखेला मुंबईत सूर्यास्त सहा-पाचच्या आसपास, तेव्हा अजून दहा-अकरा मिनिटं अमावास्या शिल्लक. दोन्ही दिवशी प्रदोषाला स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या वचनावर महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. ३१ वाल्यांचं म्हणणं, एवढ्याशा अमावास्येत कसली पूजा.

२०२५ ला आणखी गंमत. २१ ऑक्टोबरला अमावास्या ५:५४ लाच संपत होती, मुंबईत सूर्यास्ताच्या आधी. तरी इथे २१, उत्तरेत बहुतेक ठिकाणी २०. तो वाद धर्मशास्त्राच्या वचनांचा अर्थ कसा लावायचा याचा. पंचांगात ही दोन खाती वेगळी असतात, एक आकाशाचं गणित आणि दुसरं त्यावरून दिवस निवडायचे नियम. लोक दुसऱ्या खात्यावरून भांडतात आणि शिव्या पहिल्याला घालतात. रामनवमी आणि गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघायची, महाशिवरात्र आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्र, श्राद्धाला अपराह्न. एक तिथी, प्रत्येक कामाला वेगळी वेळ.

अंधेरी_स्लो
त्या वर्षी शेअर बाजाराचं मुहूर्त ट्रेडिंग २१ तारखेला पण दुपारी पावणेदोन ते पावणेतीन होतं. दरवर्षी संध्याकाळी सव्वासहाला दिवा लावून बसणारे आमचे शेजारी मेहताभाई हिरमुसले होते. त्यांचं विक्रम संवतही दुसऱ्या दिवशी बदलतं, आपलं शक गुढीपाडव्याला. एका मजल्यावर दोन नवी वर्षं. समोरच्या तिवारींचा श्रावण तर आमच्या पंधरा दिवस आधी लागतो.

घटिका_पळे
तिवारींचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून आपल्या श्रावण वद्य अष्टमीला ते भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. दिवस एकच, दहीहंडी एकच.

शंकेखोर
बरं, आणि ते राहुकाळ, भद्रा वगैरे? तेही खगोलशास्त्रच म्हणणार का?

घटिका_पळे
नाही. भद्रा म्हणजे विष्टी करण आणि करण म्हणजे अर्धी तिथी, सहा अंश, इथपर्यंत ते मोजमाप आहे. भद्रेत शुभकार्य नको, ही श्रद्धा. राहुकाळ म्हणजे दिवसाच्या आठ भागांतला वारानुसार ठरलेला एक भाग. गंमत म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारं कोष्टक सूर्योदय सहाचा धरून केलेलं असतं. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो, म्हणजे मानायचाच तर निदान नीट मोजून माना. माझ्यापुरतं मी पाळत नाही, इतरांना अडवतही नाही.

गच्चीवरचा_दुर्बीणवाला
उशिरा आलो. एक भर घालतो. मुंबईकरांच्या जुन्या पंचांगांत वेळा आजच्या घड्याळाशी जुळत नाहीत म्हणून गोंधळू नये. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत ओढली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण बहात्तर-पन्नासच्या आसपास. आजही मुंबईत सूर्य सरासरी १२:३९ ला माथ्यावर येतो.

मराठीत छापलेलं पहिलं पंचांगही मुंबईचंच, गणपत कृष्णाजींचं, १८३१ सालचं. छापील कागदाला लोक शिवायला तयार नव्हते, शाईत चरबी असते म्हणून. त्यांनी शाईत तूप वापरलं.

मी_मालवणी
पौषाचा विषय आहे म्हणून अवांतर. पानिपत १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत कोसळली असं आम्ही शाळेत ऐकलंय.

गच्चीवरचा_दुर्बीणवाला
तिथी बरोबर, संक्रांत नाही. मकर संक्रांत साधारण ७०-७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, कारण ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं आहे. विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, तेव्हा ती १२ जानेवारीला होती. त्याच्या शंभर वर्षं मागे ती १०-११ च्या सुमारास होऊन गेलेली असणार. पानिपतच्या दिवशी तिळगूळ वाटून झाला होता.

मी_मालवणी
अरे देवा. चौथीच्या बाईंना आता कुठे शोधू.

सदाफुली_गिरगाव
अपडेट. भटजी आले. मी दबकत दबकत म्हटलं, गुरुजी, मंगळवारी अपराह्नी दशमी आहे ना? तर म्हणाले, "अगदी बरोबर, तुम्ही पंचांग बघता वाटतं!" मी काय सांगणार. आई विजयी, काका मान्य, भावाने अर्धी रजा टाकलीय.

वेळ मात्र सकाळी साडेनऊची मिळालीय. गुरुजींना दुपारी बोरिवलीला आणखी एक श्राद्ध आहे. तिकडच्या यजमानांनी अपराह्न आधी बुक केला.

घटिका_पळे
साडेनऊलाही दशमी आहेच, दोन तास होऊन गेलेले. काळजी नको.

सदाफुली_गिरगाव
हो, तेच म्हणाले ते. आईने ठरवलंय, विधी साडेनऊला, पण पानं दोन वाजल्यानंतरच वाढायची. आणि कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकोनात नवमीच्या खाली बारीक अक्षरात स्वतःच "दशमी" लिहून त्याला लाल गोल केलाय.